नाताळची चांदणी घरच्या घरी

डिसेंबर उजाडला की शहरांतल्या बाजारपेठा लाल, हिरव्या आणि सोनेरी रंगांनी उजळून निघतात. चकचकीत गोळे, प्लॅस्टिकच्या माळा आणि तयार चांदण्या यांच्या राशी दुकानांपुढे लागतात. सणाला शोभा यावी म्हणून त्या घरी आणल्या जातात आणि नववर्षाचा पहिला आठवडा सरताच त्यांतील बऱ्याचशा कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडतात. विकत घेतलेली वस्तू टाकून देताना हात अडखळत नाही. मुलाने जीव लावून कापलेली, एका टोकाला किंचित वाकडी झालेली कागदी चांदणी मात्र घरातील कोणीही टाकायला धजावत नाही. ती एखाद्या डब्यात जपून राहते आणि पुढच्या नाताळात पुन्हा झाडावर चढते. घरी केलेल्या सजावटीचे खरे मोल इथेच आहे.

नाताळच्या सजावटीचा इतिहासही श्रीमंती थाटापेक्षा साधेपणाकडे बोट दाखवतो. जर्मनीत नाताळचे झाड सजवण्याची प्रथा रुजली तेव्हा त्यावर सफरचंदे, अक्रोड, बिस्किटे आणि कागदी फुले टांगली जात. थुरिंगियातील लाउशा हे गाव काचकामासाठी प्रसिद्ध होते. तेथील एका गरीब कारागिराला फळे परवडेनात, म्हणून त्याने काच फुंकून फळांचे आकार घडवले, अशी दंतकथा सांगितली जाते. आज जगभर दिसणाऱ्या काचेच्या गोळ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकात त्याच गावातून पसरली. सॅक्सनीतील नीस्की येथील मोरेव्हियन पंथीयांच्या शाळेत त्याच शतकाच्या पूर्वार्धात कागदाची अनेक टोकांची चांदणी तयार झाली, ती भूमितीच्या अभ्यासाचा भाग म्हणून. हेर्नहूटची चांदणी या नावाने ती पुढे ख्यातनाम झाली. डेन्मार्कमध्ये परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन याने १८६० साली दोन रंगांच्या कागदांचे विणलेले हृदय केले. अशा प्रकारचा तो सर्वांत जुना ज्ञात नमुना मानला जातो. गरज, शाळेचा वर्ग आणि फावला वेळ यांतून जन्मलेल्या या वस्तू आहेत. त्या घरी करणे अवघड नसावे, हे ओघानेच आले.

साहित्य घरातलेच

या कामासाठी लागणारे साहित्य कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि त्यातील निम्मे घरातच सापडते. कार्डपेपर, घोटीव कागद, पतंगाचा कागद, कात्री, पट्टी, कंपास, कोनमापक, गोंद आणि जाड दोरा एवढ्यावर काम भागते. जुन्या लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके यांचा पुठ्ठा तर विकतच्या कार्डपेपरपेक्षाही सरस ठरतो. दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला कागद आणि झिरमिळ्यांच्या पट्ट्या फेकून न देता बाजूला ठेवल्या असतील, तर खर्च आणखी कमी होतो.

दोन वस्तू मात्र टाळाव्यात. पूर्वी हस्तकलेत थर्माकोलचा सर्रास वापर होत असे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. दुसरी वस्तू म्हणजे सुटी प्लॅस्टिकची चमकी. तिचे बारीक कण पाण्यावाटे नदीनाल्यांत आणि पुढे समुद्रात जातात. याच कारणास्तव युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२३ पासून अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले. चकाकी हवीच असेल, तर मिठाईच्या खोक्याचा सोनेरी कागद पुरेसा आहे.

उठावाची चांदणी

कार्डपेपरवर सहा सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कोनमापकाच्या साहाय्याने परिघावर ७२ अंशांच्या अंतराने पाच बिंदू घ्यावेत. एक बिंदू सोडून पुढचा, अशा रीतीने ते रेषांनी जोडले की पाच टोकांची चांदणी तयार होते. तिची बाहेरची कड कापून घ्यावी.

आता चांदणीला उठाव आणायचा आहे. प्रत्येक टोकापासून मध्यबिंदूपर्यंत एक आणि दोन टोकांमधील प्रत्येक खाचेपासून मध्यबिंदूपर्यंत एक, अशा दहा रेषा आखाव्यात. शाई संपलेल्या बॉलपेनने त्या पट्टीच्या आधाराने दाबून ओढाव्यात, म्हणजे घडी सरळ पडते. टोकांकडून येणाऱ्या पाच रेषांवर कागद वर उचलला जाईल अशी आणि खाचांकडून येणाऱ्या पाच रेषांवर तो आत दबेल अशी घडी घालावी. सपाट कागद पाहता पाहता कोरीव दगडासारखा दिसू लागतो. अशा दोन चांदण्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या, तर ती भरीव भासते. त्यासाठी एका चांदणीच्या कडांना कापतानाच अर्धा सेंटिमीटर रुंदीची पट्टी राखावी. चिकटवण्यापूर्वी एका टोकात दोऱ्याची गाठ अडकवावी. नंतर भोक पाडायला गेल्यास टोक चुरगळते.

विणलेले हृदय

हा प्रकार मुलांना सर्वाधिक आवडतो, कारण तो करताना हातांची थोडी फजिती होते. लाल आणि पांढरा असे दोन घोटीव कागद घ्यावेत. प्रत्येकाचा १८ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद तुकडा कापून तो मधोमध दुमडावा, म्हणजे ९ सेंटिमीटर लांबीची दुहेरी पट्टी होते. तिचे उघडे टोक अर्धगोल कापावे. घडीच्या बाजूने दोन समांतर चिरा द्याव्यात. त्यांची लांबी साधारण साडेसहा सेंटिमीटर असावी. अशा रीतीने दोन-दोन सेंटिमीटर रुंदीचे तीन दुहेरी पदर मिळतात. चीर रुंदीपेक्षा किंचित लांब ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा विणकाम शेवटी अडते.

दोन्ही तुकडे एकमेकांशी काटकोनात धरून विणायला सुरुवात करावी. इथे चटईसारखे केवळ खालून-वरून जायचे नसते. प्रत्येक पदर दुहेरी आहे. म्हणून लाल पदर पहिल्या पांढऱ्या पदराच्या पोटातून न्यावा, दुसऱ्या पांढऱ्या पदराला स्वतःच्या पोटात घ्यावे आणि तिसऱ्याच्या पुन्हा पोटातून जावे. पुढच्या लाल पदराचा क्रम याच्या उलट असतो. तिसरा पदर पहिल्याप्रमाणे विणला की हृदयाचा आकार पुरा होतो. वीण बरोबर जमली असेल, तर ते वरून पिशवीसारखे उघडते. कागदाच्या पट्टीची मूठ लावून त्यात चार बदाम किंवा चॉकलेटे ठेवता येतात. पिशवी उघडली नाही, तर कुठेतरी पोटातून जायचे ते वरून गेले आहे असे समजावे आणि शेवटून एकेक पदर सोडवत मागे यावे.

सुरूची फळे

युरोपात पाइनची शंकूसारखी फळे झाडावर टांगतात. कोकणच्या किनाऱ्यावर त्यांची जागा सुरूची फळे घेतात. वसईची सुरूची बाग असो की अलिबागजवळचे किहीम आणि नागाव, वाळूत ही छोटी, खडबडीत फळे हवी तितकी वेचता येतात. सुरू दिसायला पाइनचा भाऊबंद वाटतो, परंतु तो मुळात सपुष्प वनस्पती आहे. किनारपट्टीवर आणि गोव्यात कित्येक घरांतून सुरूची फांदीच नाताळचे झाड म्हणून उभी केली जाते, तेव्हा त्याच झाडाचे फळ त्यावर शोभून दिसणे स्वाभाविकच होय.

वेचलेली फळे दोन दिवस कडक उन्हात वाळवावीत आणि झटकून आतले बी काढून टाकावे. पांढऱ्या पोस्टर रंगात कोरडा ब्रश जेमतेम बुडवून तो फळाच्या उंचवट्यांवरून फिरवावा, म्हणजे हिमाचा भास होतो. देठाशी लाल लोकरीचा धागा बांधून ती एकेकटी टांगावीत किंवा जुन्या बटणांबरोबर आलटून पालटून त्यांची माळ ओवावी.

दारावरचा तारा

मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना बाळ येशूची वाट ताऱ्याने दाखवल्याची कथा आहे. म्हणून गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळाच्या दिवसांत घराबाहेर तारा उजळतो. त्याची बांधणी आकाशकंदिलाच्याच जातीची आहे. दोन-दोन फूट लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक याप्रमाणे दोन चांदण्या दोऱ्याने घट्ट बांधाव्यात. त्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोके जोडून घ्यावीत. मग आतल्या बाजूस कामट्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी चार-चार इंचांचे आडवे तुकडे दोन चांदण्यांच्या मध्ये अडकवून बांधावेत. सपाट सांगाडा फुगून उभा राहतो. त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. कडेच्या दहा अरुंद त्रिकोणांपैकी वरचा एक मात्र दिव्यासाठी उघडा ठेवावा.

आत एलईडी दिवाच वापरावा, कारण जुन्या तारेच्या बल्बची उष्णता कागदाला धोक्याची असते. वायरचे जोड उघडे नसावेत आणि दिवा कागदाला टेकता कामा नये. कामट्यांची कुसे हाताला टोचतात, म्हणून त्या तासण्याचे काम मोठ्यांनी करावे. मुलांनी कागद लावावा.

नाताळचा काळ परंपरेने ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोर येथे त्या दिवशी राजांच्या वेषातील मुले घोड्यांवरून निघतात. त्यानंतर सजावट उतरवताना कागदी वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवाव्यात. दमट हवेत कागद मऊ पडतो, म्हणून खोके भिंतीला टेकवू नये. प्रत्येक वस्तूच्या मागे ती करणाऱ्याचे नाव आणि साल लिहून ठेवले, तर काही वर्षांनी तेच खोके उघडताना घरातील मुलांचे हात कसे मोठे होत गेले, याची नोंदही हाती लागते. बाजारात विकत मिळत नाही अशी ती एकच गोष्ट.