मोटारीची स्प्रिंग : ऐट की ओझे?

मंडळी, मोटार जमिनीला लगटून चालली म्हणजे मोठी ऐटदार दिसते. म्हणून कित्येक तरुण मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवतात. ही हौस करावी की नाही, आणि करायचीच तर स्प्रिंग कशी पारखावी, हे आज पाहू.

बैलगाडीतून गेलेल्याला स्प्रिंगेचं महत्त्व सांगावं लागत नाही. चाकाला दगड लागला की धक्का थेट पाठीच्या मणक्यात! टांग्याला पोलादी पाटे आले आणि हा धक्का मऊ झाला. ट्रकला अजूनही पाटेच असतात. मोटारीला बहुधा गुंडाळीची स्प्रिंग असते. स्प्रिंग दबते व धक्का पोटात घेते. पण मग ती वरखाली नाचत राहते. तो नाच थांबवायचं काम तेलाच्या नळीचं. तिलाच गॅरेजात शॉकअप म्हणतात. या दोघांची जोडी जमलेली असावी लागते.

गाडी खाली घेण्यात फायदा मुळीच नाही असं नव्हे. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर झुकतं. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकं ते अधिक झुकतं. समजा तो जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि गाडी ३ सेंटिमीटर खाली घेतली, तर हे झुकणं शंभराला पाच-सहाने कमी होईल. शर्यतीच्या वाटेवर एवढ्यालाही मोल आहे. आपल्या मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि वळणं सौम्य आहेत. तेव्हा तिथेही या फायद्याची फारशी गरज पडत नाही.

आता तोटा पाहू. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एक साधी स्प्रिंग टांगा, तिला शंभर-शंभर ग्रॅमची वजनं लावा आणि लांबी किती वाढते ते मांडून ठेवा. वजन दुप्पट, तर वाढही दुप्पट. हा रॉबर्ट हूकचा नियम, त्याने १६७८ साली छापलेला. मग त्याच स्प्रिंगेचा अर्धाच भाग टांगा. तेवढ्याच वजनाला वाढ निम्मी होते. म्हणजे वेढे कमी केले की स्प्रिंग आखूड तर होतेच, शिवाय कडकही होते. स्प्रिंगेचे वेढे कापून गाडी खाली घेणारे नेमकं हेच करतात, आणि तेही बिनहिशेबी. काही जण ती तापवून बसवतात. लोहार विळ्याला पाणी देतो ना? पुन्हा तापवलं की ते पाणी उतरतं, मग विळा बोथटतो. पोलादी स्प्रिंगेचंही तसंच. ती कायमची बसते किंवा मोडते.

हिशेब मांडू. समजा रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाला रबरी ठोकळ्यापर्यंत दबायला ८ सेंटिमीटर जागा आहे. लग्नाला पाच माणसं आणि सामान घेऊन निघालात, की मागची बाजू ६ सेंटिमीटर बसते. खड्ड्यासाठी उरले २. गाडी आधीच ४ सेंटिमीटर खाली घेतलेली असेल, तर उरले फक्त ४. मग तेवढ्या ओझ्याला स्प्रिंग दीडपट कडक हवी, आणि तरीही खड्ड्यासाठी काहीच उरत नाही. प्रत्येक धक्का ठोकळ्यावर, तिथून गाडीच्या सांगाड्यावर.

पोटाखालची जागाही पाहा. समजा ती १७ सेंटिमीटर आहे. ४ खाली घेतले, ओझ्याने मध्यावर साडेतीन गेले, उरले साडेनऊ. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद व गोलाईदार असतो. अडीच मीटर अंतराची चारही चाकं त्यावर आली म्हणजे पोटाखाली तो साडेचार-पाच सेंटिमीटरच वर येतो. गाडी सुखरूप निघते. पण गावाच्या वेशीवर घातलेला अरुंद, उभा गतिरोधक असतो, त्याची सगळी उंची पोटाखाली येते. तेलाची टाकी फुटते ती इथे. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटा घेतो.

एवढं ऐकूनही बदलायचीच असेल, तर पाच गोष्टी पाहाव्या. एक, स्प्रिंग नेमक्या त्याच मॉडेलच्या आणि त्याच इंजिनाच्या गाडीसाठी बनवलेली असावी. डिझेल इंजिन बहुधा जड असतं. दोन, उतार दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे नको, आणि चारही स्प्रिंगा एकाच संचातल्या असाव्यात. तीन, शॉकअप त्या कडकपणाला झेपणारे हवेत. चार, जॅक लावून चाक लोंबतं ठेवलं तरी स्प्रिंग बैठकीत घट्ट बसलेली असावी. सुटी होत असेल तर ती घेऊ नका. पाच, नंतर चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासून घ्या. नाहीतर टायर एका कडेनं झिजतात.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीपत्रात असलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणून पैसे मोजण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

ज्यांची गाडी आज जानेफळला, उद्या लोणारला, परवा शेताच्या वाटेवर जाते, त्यांनी मूळ उंचीच राखावी हे बरं. स्प्रिंगा थकल्या असतील तर त्याच मापाच्या नव्या जोडीने बसवा, शॉकअप गळत असतील तर बदला. एवढ्यानेच गाडी पुष्कळ सुधारते. गाडीत बसणारी माणसं आणि गाडीखालचा रस्ता, या दोहोंचा हिशेब करून घेतलेली स्प्रिंगच चांगली.