चाफा, तुरा आणि केवड्याचं पान

आमच्या घरी ‘चाफा बोलेना’ लागलं की वाद ठरलेला. रेडिओवर लताबाईंचा सूर निघाला की आई म्हणायची, हा सोनचाफा. मावशीचं म्हणणं, छे, देवचाफाच. तिच्याकडे पुरावाही होता. परसातल्या देवचाफ्याची पानं थंडीत झडून जात आणि तो नुसत्या खुंट्या वर करून उभा राही. रुसलेलं झाड याहून वेगळं कसं दिसणार, असं ती विचारायची. कवितेत नुसताच ‘चाफा’ आहे, त्यामुळे निकाल कधी लागला नाही.

त्या कवितेचे कर्ते कवी बी, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. त्यांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ चा. तिथून मोजलं तर आज नव्वद वर्षं उलटून गेली. मूळ कविता तशी गूढ, अध्यात्माकडे झुकणारी. वसंत प्रभूंनी तिला चाल लावली आणि लोकांनी ती रुसव्याफुगव्याचं गाणं म्हणून घरात घेतली. कवीला काय म्हणायचं होतं हा प्रश्न स्वयंपाकघरात कुणी विचारत नाही.

पुढच्या काळातली फुलांची गाणी आठवू लागलं की एक गोष्ट जाणवते. जी टिकली, त्यांच्यात लिहिणाऱ्याला त्या झाडाची खोड ठाऊक होती. मालती पांडे यांनी गायलेलं ‘लपविलास तू हिरवा चाफा’ घ्या. हिरव्या चाफ्याचं फूल पानाच्याच रंगाचं. समोर असून दिसत नाही, आणि पिकल्या फळासारखा वास मात्र अंगणभर. लपवलेल्या प्रेमाला दुसरं कुठलं फूल इतकं नेमकं बसलं असतं? गुलाब तर मुळीच नाही, तो लांबूनच ओरडतो.

आणि पारिजात. ‘बहरला पारिजात दारी’चे शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची, आवाज माणिक वर्मांचा. गोष्ट पुराणातली. कृष्णाने स्वर्गातून झाड आणलं, लावलं सत्यभामेच्या दारात, फुलं पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. पण पारिजात ज्यांनी लावलाय त्यांना यात पुराण कमी आणि शेजार जास्त दिसतो. रात्री उमलायचं आणि उजाडायच्या आत गळून पडायचं, ही या झाडाची रीत. फूल तोडावं लागत नाही, वेचावं लागतं. फांदी कुंपणावरून पलीकडे गेली की पाणी आपण घालायचं आणि सडा शेजारणीचा. आमच्या आजीने या कारणावरून शेजारच्या काकूंशी एक अख्खा श्रावण अबोला धरला होता. गदिमांनी सत्यभामेला वाड्यातली बाई केलं, आणि माणिक वर्मांनी त्या तक्रारीत इतका गोडवा ओतला की रागही लाडिक वाटतो.

याच गदिमांनी फुलाचं एक वेगळंच गाणं लिहिलं. त्याला फुलाचं गाणं कुणी म्हणत नाही एवढंच. ‘मल्हारी मार्तंड’ चित्रपटातली ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ ही लावणी. संगीत वसंत पवारांचं, आवाज सुलोचना चव्हाणांचा. तुरा म्हणजे उसाचं फूल. शहरातल्या माणसाला उन्हात चमकणारे ते रुपेरी तुरे देखणे वाटतात, ऊसवाल्याच्या मात्र पोटात गोळा येतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते. मग तोड लांबली तर आत दशी पडते, रस कमी होतो, वजन घटतं. म्हणजे इथे फुलणं ही शोभा राहत नाही, तो इशारा होतो, आता हयगय नको. तारुण्यावर इतकी चावट आणि शेतीच्या हिशेबाने इतकी बिनचूक उपमा माझ्या तरी ऐकण्यात दुसरी नाही. डोक्यावरचा पदर ढळू न देता सुलोचनाबाई ती गायच्या. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, फार उशिरा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या.

फूल बोचतं, भाजतं, हेही आपल्याकडे जुनंच. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीला फुलांची शेज विस्तवासारखी पोळते, आणि ‘हे बंध रेशमाचे’ नाटकातल्या ‘काटा रुते कुणाला’ या पदात शांता शेळक्यांनी फुलालाच रुतायला लावलं. अभिषेकीबुवांनी ते गायलं आणि त्यानंतर कित्येक मैफलींत त्याची फर्माईश होत राहिली.

मग हळूहळू झाडांची नावं गळाली. अशोकजी परांजपे, अशोक पत्की आणि सुमन कल्याणपूर यांच्या ‘केतकीच्या बनी’त निदान केतकी होती. श्रीधर फडक्यांनी चाल लावलेलं, आशाबाईंचं ‘फुलले रे क्षण माझे’ मला मनापासून आवडतं, पण त्यात फुलतात ते क्षण. फुलाचं क्रियापद झालं. अंगणं गेली, बाल्कनीत कुंड्या आल्या, त्याचाही हा परिणाम असणार. २०१५ च्या ‘तू ही रे’मधली ‘गुलाबाची कळी’ आज हळदीच्या कार्यक्रमाला वाजल्याशिवाय राहत नाही. मीही भाचीच्या हळदीत तिच्यावर नाचलो आहे. तिथला गुलाब कुठल्या बागेतला, असं विचारायची ती वेळ नव्हे.

‘सरला एक कोटी’ चित्रपटातलं ‘केवड्याचं पान तू’ कानावर आलं तेव्हा मात्र मी थबकलो. फूल म्हटलं नाही, पान म्हटलं. केवडा बाजारात तसाच विकतात. गणपतीच्या दिवसांत फुलवाली टोपलीत कणीस उभं ठेवते आणि गिऱ्हाइकापुरतं एकेक पान सोलून देते. अख्खं कणीस घेणारा विरळा.

गेल्या भाद्रपदात माझ्यापुढे दोन मुली उभ्या होत्या. त्यातल्या एकीने हेच गाणं गुणगुणत पान मागितलं आणि हात पुढे केला. फुलवालीने तो बाजूला सारला. सुरीने पानाच्या दोन्ही कडांचे काटे तासले, पान उलटं करून मधल्या शिरेवरचेही तासले, मग घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळलं. मुलीने पुडी नाकाशी नेली. “केसात कुठे घालू?” तिने विचारलं. फुलवाली म्हणाली, “आधी वेणी वाढव.”