साधनवर्णनाचा नवा वाचक : विधी, निषेध आणि अर्थवाद

सॉफ्टवेअरच्या साधनासोबत त्याच्या वापराचे वर्णन देण्याची प्रथा नवी नाही. युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका १९७१ मध्ये सिद्ध झाली. तिचा वाचक माणूस होता. एखादा तपशील राहून गेलाच, तर तो सहकाऱ्याला विचारून किंवा जपून करून पाहून ती उणीव भरून काढी. अलीकडे अशा वर्णनांना दुसरा एक वाचक लाभला आहे. दिलेल्या कामासाठी कोणते साधन केव्हा वापरायचे हे स्वतःच ठरवणारा, भाषा-प्रतिमानावर आधारलेला ‘एजंट’ हा तो वाचक होय. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या घटकांचा तपशील एवढ्याच मजकुराच्या आधारे तो बहुधा कृतीला प्रवृत्त होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ने या मजकुराला ठरावीक घाट दिला.

हा मजकूर चांगला की सदोष, हे केवळ भाषेच्या सफाईवरून ठरवता येत नाही. वाक्याचा विचार त्यातून निष्पन्न होणाऱ्या कृतीच्या अंगाने करणारी मीमांसेची दृष्टी येथे उपयोगी पडते. विधी, मंत्र, नामधेय, निषेध व अर्थवाद या तिच्या पाच विभागांपैकी मंत्र वगळता बाकीचे चारही साधनवर्णनात ओळखता येतात. अर्थात हे साम्य ताणू नये. वेदवाक्य मीमांसकांच्या मते अपौरुषेय. साधनवर्णन मात्र पुरेपूर पौरुषेय, आणि पुष्कळदा घाईत लिहिलेले.

विधी बहुतेक वर्णनांत असतो. उणीव असते ती निषेधाची. एखादे साधन ‘फाइल लिहिते’ एवढेच सांगितले आणि त्या नावाची फाइल आधीच असल्यास तिच्यातील मजकूर पुसला जाईल हे सांगितले नाही, तर वर्णन खोटे ठरत नाही. पण एजंटाच्या हातून कुणाचे तरी काम नष्ट होते. मार्च २०२५ मधील आवृत्तीत प्रोटोकॉलने साधन विध्वंसक आहे का, हे दर्शवणाऱ्या खुणांची सोय केली. मात्र या खुणा केवळ सूचक आहेत, विश्वासू स्रोताकडून आल्याखेरीज त्यांवर विसंबू नये, असेही त्यातच नमूद आहे.

निषेधाची गरज आणखी एका कारणाने वाढते. हा वाचक कोऱ्या पाटीचा नाही. त्याने जुना मजकूर विपुल वाचलेला असतो. तक्त्यांच्या स्वरूपातील माहिती हाताळणाऱ्या ‘पांडाज’ या पायथॉन-संग्रहातून डेटाफ्रेमला ओळी जोडणारी ‘अपेंड’ ही पद्धत २०२३ मधील २.० आवृत्तीत काढून टाकण्यात आली व ‘कॉन्कॅट’ वापरणे आवश्यक झाले. परंतु त्याआधीच्या अनेक वर्षांच्या उदाहरणांत ‘अपेंड’च आढळते. अशा वेळी नव्या वर्णनात ‘कॉन्कॅट वापरावे’ हा विधी पुरेसा नसतो. ‘अपेंड आता नाही’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर मजकुरावर स्मरण मात करू शकते.

अर्थवादाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘सर्वाधिक सक्षम’, ‘सर्व कामांसाठी योग्य’ ही स्तुती माणूस सहज ओलांडून जातो. एजंट तसे करतोच असे नाही. साधन तेच ठेवून केवळ वर्णनातील शब्द बदलले, तरी त्याची निवड लक्षणीय वाढू शकते, असे २०२५ मधील अभ्यासांतून दिसून आले. अर्थवाद प्ररोचना करतो, म्हणजे कृतीविषयी रुची उत्पन्न करतो, हे मीमांसकांचे निरीक्षण या यंत्रवाचकालाही लागू पडावे, हे कुतूहलजनक आहे. म्हणून ‘साधन किती वेळा निवडले गेले’ हा वर्णनाच्या गुणवत्तेचा निकष मानणे धोक्याचे होय. तो निकष स्वीकारला, तर जाहिरातीलाच पारितोषिक मिळेल.

मूल्यमापनाची रीत यातूनच ठरते. बर्कली येथील विद्यापीठातून २०२४ पासून चालणारी फंक्शन-कॉलिंगची क्रमवारी वर्णने समान ठेवून प्रतिमानांची तुलना करते. योग्य साधन नसताना प्रतिमान थांबते का, हेही तीत तपासले जाते. वर्णनाचे मूल्यमापन करताना हा क्रम उलटावा लागतो : प्रतिमान स्थिर ठेवायचे आणि वर्णन बदलत जायचे. तीच कामे अनेकदा करवून घ्यावी लागतात, कारण एकाच मजकुराचे वाचन दर वेळी सारखे होत नाही. साधनाची निवड, घटकांची अचूकता, चूक झाल्यावरची दुरुस्ती आणि योग्य वेळी थांबणे, या चारही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. दुरुस्तीच्या संदर्भात चूक-संदेश हाही वर्णनाचाच भाग ठरतो. ‘अवैध माहिती’ एवढ्याच उत्तराने एजंट तीच चूक पुन्हा करू शकतो. दिनांक कोणत्या रूपात हवा हे सांगणारे उत्तर त्याला मार्गावर आणते.

यांत सर्वांत बोलकी चाचणी नामधेयाची. साधनाचे परिचित नाव काढून तेथे निरर्थक नाव घातले आणि वर्णन जसेच्या तसे ठेवले, तर यशातला किती भाग वाचनाचा व किती पूर्वस्मरणाचा, याचा अंदाज येतो. नाव बदलताच यश ढासळले, तर आधीचे श्रेय वर्णनाला देता येत नाही. मात्र हा निष्कर्ष त्या एका प्रतिमानापुरताच असतो. म्हणून अहवालात प्रतिमानाचे नाव, आवृत्ती व चाचणीचा दिनांक यांची नोंद अनिवार्य ठरते, आणि आवृत्ती बदलली की चाचणी नव्याने घ्यावी लागते.