दप्तर गावाचे, किल्ली कोणाकडे?

शिरूर तालुक्यातील कर्डे या गावाचे नाव अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असते, ते १८७४ च्या अखेरीस तेथे पडलेल्या एका ठिणगीमुळे. सावकाराच्या शेतात राबावयाचे नाही, त्याचे पाणी भरावयाचे नाही, त्याच्याशी कसलाही व्यवहार ठेवावयाचा नाही, असा बहिष्कार गावाने पुकारला. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे ऐन बाजाराच्या दिवशी या ठिणगीचा वणवा झाला. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा मुलूख तेव्हा याच भीमथडीत मोडत होता. या उठावाचे एक वैशिष्ट्य सरकारी चौकशीतही नमूद झाले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते आणि हुकूमनामे हाती आले की त्यांची होळी होई. ते निमूटपणे मिळाले तेथे फारशी मारहाणही झाली नाही.

हे कागद सर्वच खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या नावाने ते लिहिले गेले त्यालाच त्यांत काय लिहिले आहे हे कळत नव्हते आणि त्यांची प्रतही त्याच्याजवळ नव्हती. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने यावर जो इलाज योजला तो आजही मननीय आहे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, दिलेल्या रकमेची त्याला पावती मिळावी, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा त्याला हक्क असावा, असे या कायद्याने ठरविले. कागद जाळून सुटका होत नाही, त्याची प्रत आपल्या हाती असली तरच होते, हे सूत्र त्यामागे होते.

सावकाराच्या रोख्यांचा तो काळ मागे पडला. परंतु शिरूर आणि दौंड तालुक्यांतील माणसाचे घर, जमीन, पाणी आणि वारसा आजही कागदांवरच अवलंबून आहे. आणि ते कागद आता शासनाच्या दप्तरात आहेत. ते पाहण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला आहे. मग ते त्याला मिळतात काय?

चार कार्यालये, चार भाषा

गावाचे दप्तर एका ठिकाणी नसते, ही पहिली अडचण. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले आणि जमिनीचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. २०२४ मध्ये त्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. त्याच्याकडे गाव नमुना एकपासून एकवीसपर्यंत नोंदवह्या असतात. सात आणि बारा मिळून आपला परिचित सातबारा, सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. ग्रामपंचायतीची नमुन्यांची मालिका अगदी स्वतंत्र आहे. अंदाजपत्रक, जमाखर्च, घरपट्टीची आकारणी हे सारे त्यात येते. जमिनीची मोजणी, टिपण, फाळणी आणि आकारफोड ही कागदपत्रे तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात असतात. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र यांची नोंद दुय्यम निबंधकाकडे होते.

घोटाळा होतो तो येथेच. ‘आठचा उतारा हवा’ असे सांगत माणूस तलाठ्याकडे जातो, तेव्हा त्याला बहुधा हवा असतो तो घराचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना आठ. तलाठी त्याच्या हातावर आठ-अ ठेवतो किंवा ‘आमच्याकडे नाही’ म्हणून सांगतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नसतो, पण माणसाचा एक दिवस वाया जातो. मांडवगण फराट्याहून शिरूरला किंवा राहूहून दौंडला जावयाचे म्हणजे एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी असा खर्च असतो. कागदाची सरकारी फी काही रुपयांची असते. त्याची खरी किंमत हेलपाट्यांत मोजावी लागते.

बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर बाजार बिघडतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले आणि २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचे. सरकारी खिडकीलाही ते चपखल लागू पडते. कोणता कागद कोठे आहे हे खिडकीच्या आतल्या माणसाला माहीत असते, बाहेरच्याला नसते. या अज्ञानाच्या फटीतच मध्यस्थाचा धंदा चालतो. तो बहुतेक वेळा कागद विकत नाही. कागदाचे नाव आणि टेबलाचा पत्ता तेवढा विकतो.

‘का’ आणि ‘कोणता’

एक साधे उदाहरण घ्यावे. दौंड तालुक्यात माहेर आणि भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात सासर असलेल्या एखाद्या स्त्रीचे वडील वारतात. काही वर्षांनी ती माहेरचा सातबारा पाहते, तो त्यावर केवळ भावांची नावे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. मग हिचे नाव गेले कोठे?

सातबारा आता संगणकावर कोणालाही पाहता येतो. मे २०१८ पासून त्याची डिजिटल स्वाक्षरीची प्रतही मिळू लागली. ही सोय मोठीच आहे. परंतु उतारा निकाल सांगतो, कारण सांगत नाही. कारण सापडते ते नावाशेजारी लिहिलेल्या फेरफार क्रमांकावरून. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला की नोंद कोणाच्या वर्दीवरून झाली, कोणत्या दस्ताच्या आधारे झाली आणि कोणत्या दिवशी प्रमाणित झाली, हे समजते. जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमाप्रमाणे अशा नोंदीची सूचना चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवावे लागते. तशी नोटीस बहिणीला बजावली काय? बजावली असेल तर तिची पोच कोठे आहे? हक्कसोडपत्राचा आधार दाखविला असेल तर त्या दस्ताचा क्रमांक कोणता? त्या दस्ताची नोंद सूची क्रमांक दोनमध्ये मिळते आणि ती सूची कोणाही नागरिकास पाहता येते.

ही स्त्री ‘माझे नाव का कमी केले?’ असा अर्ज करील तर तिला बहुधा उत्तर मिळणार नाही. कारण माहिती अधिकाराचा कायदा कार्यालयात असलेला कागद देण्यास बांधील आहे. नवे स्पष्टीकरण तयार करून देण्यास नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. पण ‘फेरफार क्रमांक अमुक, त्यासोबतचा वर्दी अर्ज, वारसांचे जबाब, नोटिशीची पोच आणि आधारभूत दस्त यांच्या प्रती द्याव्यात’ असा अर्ज तिने केला तर तो टाळणे अवघड होते. ‘का’ या शब्दाने विचारलेला प्रश्न फायलीत विरतो, ‘कोणता कागद’ असा विचारलेला प्रश्न फाईल उघडावयास लावतो. हक्क आणि त्याची अंमलबजावणी यांमधील अंतर एवढ्या एका शब्दाचे आहे.

हक्क जुना, सवय नवी

दप्तर पाहण्याचा हक्क २००५ मध्ये प्रथमच मिळाला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे ३२७ वे कलम सर्व नकाशे आणि भूमि अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवावयास आणि मागेल त्यास प्रमाणित नकला द्यावयास सांगते. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षणाचे टिपण ग्रामसभेपुढे ठेवावे लागते. हक्क होता, पण न दिल्यास दंड नव्हता. तो आला माहितीच्या अधिकाराने. शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी त्यासाठी चालविलेल्या आंदोलनानंतर राज्याच्या २००२ च्या कायद्याला ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर अमलात आला.

दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर अर्ज करता येतो. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठविण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. मुदत तीस दिवसांची. ती उलटली तर प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील आणि पुढे माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हा पातळीवरील कार्यालयांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था सांगितली. अर्जापूर्वी दप्तर डोळ्यांखालून घालता आले तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे एक नेहमीचे उत्तर. शासकीय कागदांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते. काही कायम जपावयाचे, काही तीस वर्षे, काही एकच वर्ष. तेव्हा प्रत्येक हरवलेल्या कागदामागे कारस्थान असते असे नाही. परंतु मुदतीने नष्ट केलेल्या कागदाचीही नोंद राहावयास हवी, आणि ती मागता येते. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्याने नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा ठरविला आहे. या कायद्याचा नुसता उल्लेख केल्याने कपाटातील गठ्ठे पुन्हा एकदा चाळले जाण्याचा संभव पुष्कळ असतो.

दुसरी बाजू

कार्यालयातील माणसाचीही एक बाजू आहे. एका सजात अनेक गावे, पंचनामे, निवडणुका, वसुली, पीकपाहणी आणि त्यांत अर्जांचा ढीग. काही अर्जदार माहितीसाठी नव्हे तर धाक घालण्यासाठी अर्ज करतात, ही तक्रारही निराधार नाही. राज्याने एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द अशी मर्यादा घातली ती याच सुमारास. पण या तक्रारीचे वजन करताना तराजूचे दुसरे पारडेही पाहावे. जमिनीचे गैरव्यवहार माहिती मागवून उघड करणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची याच पुणे जिल्ह्यात १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. कागद मागणे हे काही वेळा किती महाग पडते याची ती खूण आहे.

आता आणखी एक अडसर उभा आहे. संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुक माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात होते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्याने ते काढून टाकले. व्यापक लोकहित असेल तर माहिती देण्याची तरतूद शिल्लक आहे, हे खरे. तथापि घरकुलाची वा अनुदानाची लाभार्थी यादी मागितली की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून बोट दाखविणे त्यामुळे सोपे होईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

सूची भिंतीवर लागावी

कार्यालयाचा त्रास आणि नागरिकाचा हेलपाटा या दोहोंवर उपाय एकच आहे आणि तो कायद्यातच आहे. माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयाने आपल्या अभिलेखांची वर्गवारी करून सूची तयार ठेवावी आणि शक्य तेवढी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे सांगितले आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि सजाच्या भिंतीवर एक फलक असावा. कोणती नोंदवही, कोणत्या वर्षापासूनची, कोणाच्या ताब्यात, पाहावयाची वेळ कोणती, नकलेची फी किती, एवढेच त्यावर लिहावे. त्याला ना नवा कायदा लागतो ना मोठा निधी.

या कामात शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना मोठा वाटा उचलता येईल. ज्या घरात पहिला पदवीधर झाला आहे त्या घरातील फेरफार त्यानेच वाचून दाखवावयास हवेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्त्यांइतकेच दप्तराकडेही लक्ष गेले, विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायतीच्या संमतीने नोंदवह्यांची सूची लिहून दिली, तर अर्थशास्त्राचा तो उत्तम पाठ ठरेल. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कोणी उठून लेखापरीक्षणाचे टिपण वाचावयास सांगितले तर त्या सभेला अर्थ येईल.

कर्डे आणि सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण तो वाचण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. त्यांच्या पणतवंडांपुढे तो आहे. भीमेच्या दोन्ही काठांवर शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, लिहिता-वाचता येणारी माणसे घरोघर आहेत. माहेरच्या सातबाऱ्यावर आपले नाव शोधणाऱ्या त्या बहिणीला फेरफाराचा क्रमांक कोठे असतो हे शेजारच्या शिक्षकाने दाखवून दिले, तर दप्तराची किल्ली निदान एका घरात तरी पोहोचली असे म्हणता येईल.