भ्रूणरोपण आणि बाईचा दोष



आम्ही डॉक्टर नव्हे. डोंबिवलीच्या कारखान्यांतून कामगार संघटनेचे काम करताना जे प्रश्न पुढे आले, त्यांच्यापायी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, तेवढेच सांगणार आहोत.

पॅकिंग खात्यातील एक भगिनी राजीनाम्याचा कागद घेऊन कचेरीत आली. म्हणाली, "भाऊ, ठाण्याला जाऊन गर्भ ठेवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी कल्याणहून लोकलने कामावर आले. त्यानेच तो गेला का हो?" घरचे तसे म्हणत होते. दुसऱ्या खेपेला नोकरी सोडून पडून राहा, असा त्यांचा आग्रह होता.

हा गर्भ ठेवतात कसा? स्त्रीबीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत बशीत एकत्र आणतात. तयार झालेले भ्रूण बहुधा तीन किंवा पाच दिवस वाढू देतात. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मऊ, बारीक नळी गर्भाशयाच्या मुखातून आत नेतात आणि थेंबभर द्रवासह भ्रूण सोडतात. बहुधा भूलही लागत नाही. नळीत भ्रूण अडकून तर राहिले नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

गर्भाशय म्हणजे रिकामा हंडा, ही आपली समजूत चुकीची आहे. त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. तूप लावून एकावर एक ठेवलेल्या दोन पोळ्यांमधला खसखशीचा दाणा ताट हलवल्याने पडेल काय? तसेच हे. चालण्याने वा लोकलच्या धक्क्याने भ्रूण निसटत नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढते, असेही अभ्यासांत दिसलेले नाही. ते रुजत नाही, याचे कारण पुष्कळदा भ्रूणाच्या गुणसूत्रांतच असते. स्त्रीचे वय वाढते तसा हा दोष अधिक आढळतो. आणि पुरुषहो, मूल न होण्याचे कारण अनेकदा आपल्याकडेही असते!

ही विद्या आपल्याला परकी नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी असे मूल जन्मले. गिरणगावातले, महापालिकेचे ते रुग्णालय. १९७८ साली कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे आधीच साधले होते, हे पुढे डॉ. आनंद कुमार यांनीच जगापुढे मांडले. शास्त्रज्ञ स्वतःचा पहिला मान सोडतो. आपण निदान एक खोटा समज सोडावा.

जड ओझे वा रसायनांचे काम असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण केवळ भीतीपोटी बाईची रोजी घालवू नका आणि अपयशाचा दोष तिच्या माथी मारू नका. त्या भगिनीला आम्ही हेच सांगितले. राजीनामा तिने तिथेच फाडला.