एका पंगतीत चार पिढ्या : भाऊबीजेच्या जेवणाचा बेत

दिवाळीच्या फराळावर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते, आणि फराळाच्या विरुद्धही लिहिले जाते. भाऊबीजेच्या रात्रीच्या जेवणाचा विचार मात्र त्या गांभीर्याने होत नाही. वस्तुतः वडोदऱ्यातील आपल्या मराठी घरांत वर्षातील मोठ्या पंगतींपैकी एक याच रात्री बसते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील जुन्या घरांतून मांजलपूर, गोत्रीकडे पांगलेली भावंडे त्या संध्याकाळी एकत्र येतात. लेकी माहेरी येतात, परदेशातील नातवंडे सुट्टी काढून येतात, आणि पणजीपासून तान्ह्या बाळापर्यंत चार पिढ्या एका छताखाली जेवतात. चार-पाच दिवसांच्या फराळाने पोटे जड झालेली असतात, औषधांच्या आणि झोपेच्या वेळा ढळलेल्या असतात, आणि ओवाळणी होईपर्यंत जेवणाला बहुधा उशीर होतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मुलांकडे पाहता पाहता त्यांच्या आजी-आजोबांच्या ताटाकडेही माझे लक्ष जाऊ लागले. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. सणाच्या जेवणाचा बेत पदार्थांपासून सुरू करू नये, माणसांपासून करावा. प्रत्येक आजाऱ्यासाठी निराळे पान मांडण्यापेक्षा एकच बेत असा आखावा, की प्रत्येकाला त्याच पंगतीत, त्याच पातेल्यातील अन्न खाता येईल. सणाच्या दिवशी ज्याच्या पुढे वेगळी वाटी येते, त्याला आपल्या आजाराची आठवण त्या वाटीनेच होते, मग ते सात वर्षांचे मूल असो की सत्तर वर्षांचे आजोबा.

प्रथम माणसे, मग पदार्थ

एक प्रातिनिधिक कुटुंब घेऊ. जेवणारी माणसे बारा. पणजीला रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडाचा विकार आहे, आजोबांना मधुमेह आहे आणि ते गोळ्या घेतात. धाकटी सून पाच महिन्यांची गर्भवती आहे. नातवंडांत आठ महिन्यांचे बाळ, अडीच वर्षांचा मुलगा आणि सीलिअॅक आजारामुळे गहू वर्ज्य असलेली सात वर्षांची मुलगी. उरलेली सहा माणसे निरोगी, आणि त्यांत जिच्या हातून हे सारे व्हायचे ती गृहिणीही आहे. असे कुटुंब विरळा नाही. आपल्यापैकी अनेकांना यात आपलेच घर दिसेल.

या बारा जणांसाठी मी पुढील बेत सुचवितो : साधे वरण, भात, तूप आणि लिंबू, अळूची पातळ भाजी, वांगी-वालपापडीची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, कोथिंबीर वडी, पुऱ्या आणि तांदळाची भाकरी, मठ्ठा, आणि गोडाला बासुंदी. तळण एकच (पुऱ्या), गोड एकच. वड्या उकडून मग तव्यावर थोड्या तेलात परताव्यात. फराळाचे डबे उघडेच असल्यामुळे चकली, मठिया व चोराफळी या रात्री ताटात घेण्याचे कारण नाही.

ताटाची रचना काय सांगते

आपल्या ताटात वर मीठ व लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या व आमटी, आणि मध्ये भात अशी वाढण्याची रीत आहे. डावी बाजू ही चवीपुरती असते. चटणी, लोणचे व पापड यांत मीठ सर्वाधिक. ते बोटाच्या पेराइतके वाढायचे, ही मर्यादा रीतीतच आहे. प्रौढाने दिवसभरात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पणजीच्या पानात म्हणून पदार्थ तेच ठेवावेत, केवळ डावी बाजू आखडावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंड दुर्बल असलेल्या अथवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या व्यक्तीस ते धोक्याचे ठरू शकते.

लिंबाची फोड ही शोभेसाठी नाही. डाळी-भाज्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही; ‘क’ जीवनसत्त्व त्यास साह्य करते. गर्भवती सुनेने वरण-भातावर लिंबू अवश्य पिळावे आणि जेवणापाठोपाठ येणारा चहा निदान तासभर लांबवावा, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते. अळूच्या भाजीत चिंच घालण्यामागेही कारण आहे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. नीट शिजवल्याने व आंबटाने तो त्रास कमी होतो. मात्र मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी ही भाजी बेतानेच घ्यावी.

गोडाचे गणित

श्रीखंड की बासुंदी, हा प्रश्न साखरेच्या हिशेबाने सोडवून पाहू. चक्क्याच्या वजनाइतकी साखर घातली, तर १०० ग्रॅमच्या वाटीत जवळजवळ ५० ग्रॅम साखर जाते. २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची मर्यादा आहे. म्हणजे एका वाटीत दिवसाचा कोटा संपला! याउलट अडीच लिटर दूध आटवून सव्वा लिटर केले आणि त्यात २०० ग्रॅम साखर घातली, तर १०० मिलिलिटरच्या वाटीत वरची साखर सुमारे १६ ग्रॅम येते. बाराही जणांना वाटीभर मिळते आणि थोडी उरते.

बासुंदीचा दुसरा गुण असा, की साखर घालण्यापूर्वी त्यातील दोन वाट्या बाजूला काढता येतात. आटलेल्या दुधाला स्वतःची गोडी असते. वेलची व केशर घातले की आजोबांना तीच बासुंदी मिळते. तिच्यातील दुधाची शर्करा हिशेबात धरावी, म्हणून वाटी छोटी असावी. पणजीची वाटीही लहानच असावी, कारण आटीव दुधात पोटॅशियम व फॉस्फरस एकवटलेले असतात.

आजोबांची गोळी आणि ओवाळणीचा उशीर

सणाच्या रात्री मधुमेहीची साखर वाढेल, ही भीती सर्वांना असते. साखर एकाएकी उतरण्याचा धोका तेवढाच खरा आहे, किंबहुना तो अधिक तातडीचा आहे. रोजच्याप्रमाणे आठ वाजता ग्लिमेपिराइडसारखी गोळी अथवा इन्सुलिन घेतले, आणि धाकटा भाऊ गाडी उशिरा आल्याने दहाला पोहोचला, तर मधल्या काळात आजोबांना घाम, कंप, चिडचिड, असंबद्ध बोलणे सुरू होऊ शकते. अशा औषधाची गाठ घड्याळाशी नसून पानाशी बांधावी. नेमके अंतर आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साखर उतरल्याची शंका आली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. पानावर बसल्यावर आधी कोशिंबीर, भाजी व वरण आणि शेवटी भात असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर हळू चढते.

लहानांचे पान

आठ महिन्यांच्या बाळाचे जेवण याच वरण-भातातून निघते. शिजलेले वरण मीठ व गूळ पडण्यापूर्वी दोन पळ्या बाजूला काढावे, भात मऊ कुस्करावा, वर तूप सोडावे. पहिल्या वर्षात वरून मीठ नको, आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको. अंगावरचे दूध चालूच असावे.

दिवाळीत घरी पूजा झाली की तीर्थ म्हणून पंचामृत प्रत्येकाच्या हातावर पडते आणि आजी प्रेमाने बाळाच्या ओठालाही बोट लावते. त्यात मध असतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करू शकतात. हा आजार विरळा आहे, पण तो टाळणे अगदी सोपे आहे : बाळासाठी साध्या पाण्याचे तीर्थ ठेवावे.

अडीच वर्षांच्या मुलाला खरी भीती शेंगदाण्याची आहे. अळूच्या भाजीतील दाणे, चिवड्यातील दाणे व डाळे, अखंड द्राक्षे, कडक शंकरपाळे आणि जेवणानंतरची सुपारी या वस्तू पाच वर्षांखालील मुलांच्या हाती लागू नयेत. या वयात दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, आणि मूल धावता-हसता खात असते. म्हणून अळूत अखंड दाण्यांऐवजी कूट घालावे. त्याने चव जात नाही. दाण्याची अॅलर्जी असलेला कोणी पंगतीत असेल तर अर्थात कूटही वगळावे.

मुलाला एकाएकी ठसका लागला आणि ते जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, चेहरा निळा पडत असेल, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न सुटल्यास वर्षाच्या आतील बाळाच्या छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. मोठ्या मुलाच्या पोटावर, बेंबीच्या वर, मागून मिठी घालून आत व वर असे पाच दाब द्यावेत. याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घशात अंदाजाने बोट कधीही घालू नये. ठसका थांबला म्हणजे प्रश्न मिटला असेही समजू नये. दाणा श्वासनलिकेच्या फांदीत बसला की मूल काही काळ अगदी शांत दिसते आणि पुढे छातीत एका बाजूला शिटीसारखा आवाज येऊ लागतो. क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी असा इतिहास असल्यास ब्रॉन्कोस्कोपीचा विचार करावा, हे माझ्या समव्यवसायी मित्रांना मी वेगळे सांगायला नको.

गहू वर्ज्य असलेली मुलगी

वरील बेतात पुरी वगळता गव्हाचा पदार्थ नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल. तथापि गहू आडवाटेने येतो, आणि ती वाट म्हणजे हिंगाची डबी. बाजारातील बांधणीच्या हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो. तो वरणात, कोशिंबिरीच्या फोडणीत, लोणच्यात, सर्वत्र पोहोचतो. डबीवरील घटक वाचून तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणावा आणि त्या रात्री सर्वांसाठी तोच वापरावा. वड्यांचे बेसन व भाकरीचे पीठ गव्हावर दळलेले नसावे. भाकऱ्या व वड्या आधी, स्वच्छ परातीत व तव्यावर कराव्यात. कणीक त्यानंतरच मळावी. मुलीला भाकरी एकटीला न वाढता सर्वांच्या पानात चतकोर वाढावी.

किती आणि केव्हा

आपल्याकडे पाककृतीला मापाची शिस्त लावणाऱ्या पुस्तकांची परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी नेले. आपल्या शहरात तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाने हंसाबेन मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळातच गृहविज्ञानाला विद्याशाखेचा मान दिला. ती शिस्त मोठ्या पंगतीला अधिकच उपयोगी पडते. बारा जणांस तांदूळ ६०० ग्रॅम, तूरडाळ ३५० ग्रॅम, प्रत्येक भाजी सव्वा किलो पुरेशी होते. पुऱ्या पन्नासच्या आसपास लागतात. अंदाजाने दुप्पट रांधले की उरते, आणि आजार बहुधा उरलेल्या अन्नातून येतात.

शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू टिकून राहतात, आणि हाताळलेल्या दुधाच्या पदार्थांत स्टॅफिलोकोकस वाढतो. या दोन्हींनी तयार केलेली उलटी घडविणारी विषे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाहीत. म्हणून अन्न बाहेर दोन तासांहून अधिक राहू नये. उरलेला भात पसरट भांड्यात निववून लगेच फ्रीजमध्ये जावा. बासुंदी आदल्या रात्री आटवून, थंड पाण्याच्या परातीत पातेले ठेवून निववावी आणि फ्रीजमध्ये ठेवावी. अळू निवडणे, खोबरे खवणे, वड्या उकडणे ही कामे सकाळी उरकून वड्याही फ्रीजमध्ये ठेवाव्यात. भात ओवाळणीच्या वेळी लावावा. पुऱ्या अगदी शेवटी तळाव्यात, आणि त्यासाठी घरातील दोन पुरुषांनी पदर नाही तरी बाह्या खोचाव्यात! जिने सकाळपासून रांधले, ती सर्वांत शेवटी, अकरा वाजता, निवलेले अन्न उभ्याने खाते, हे चार पिढ्यांच्या पंगतीतील सर्वांत जुने अपथ्य आहे. तिचे पान सर्वांबरोबर मांडले जावे.

दिवाळीपूर्वी नियमित तपासणीस येणाऱ्या रुग्णांना आपण सारे ‘गोड जपून खा’ असे सांगतो. त्याऐवजी मी आता तीन प्रश्न विचारतो : भाऊबीजेला कोठे जेवणार, किती वाजता, आणि पंगतीत सर्वांत लहान कोण आहे? उत्तर ऐकून दोन मिनिटांत त्या घरापुरता सल्ला देता येतो, आणि तो पाळलाही जातो. मंडळाच्या सभासद डॉक्टरांनी यंदा हे तीन प्रश्न विचारून पाहावेत, अशी विनंती करतो आणि सर्व वाचकांना आरोग्यपूर्ण दीपावलीच्या शुभेच्छा देतो.