मायानगरीचे वाटाडे

उर्दूतील जुन्या दास्तानांमध्ये ‘तिलिस्म’ नावाची जादूची नगरी असते. तेथे नायकाचे शौर्य फारसे उपयोगी पडत नाही. कोणता दरवाजा खरा आणि कोणता भासमान, कोणत्या प्रहरी कोठून जावे, हे सांगणारी ‘लौह’, म्हणजे अक्षरे कोरलेली पाटी, हाती येईपर्यंत तो भटकतच राहतो. त्याचा खरा आधार असतो तो ‘ऐयार’, म्हणजे वेषांतर करणारा, चोरवाटा जाणणारा चतुर सोबती. अमीर हमजाच्या या कथा दिल्लीत दीर्घकाळ तोंडी सांगितल्या जात. त्या परंपरेतील दिल्लीचे अखेरचे नामवंत कथक मीर बाकर अली १९२८ मध्ये निवर्तले आणि ती कला जवळजवळ लोपली. २००५ मध्ये दिल्लीतच तिचे पुनरुज्जीवन झाले.

या कथांमधील नगरी काल्पनिक आहे. परंतु परक्या माणसाला गोंधळात टाकणारी, ओळखीच्या माणसाला मात्र सहज वाट देणारी नगरी प्रत्यक्षातही असते. जुनी दिल्ली ही तशी नगरी आहे. शाहजहान बादशहाने १६३९ मध्ये लाल किल्ल्याचा पाया घातला आणि त्याच्याभोवती शाहजहानाबाद हे शहर वसले. चांदणी चौकाची आखणी त्याची कन्या जहाँआरा हिने केली. मधोमध कालवा होता, चौकात जलाशय होता. आज कालवाही नाही आणि जलाशयही नाही. चौकाचे नाव तेवढे साऱ्या रस्त्याला मिळाले आहे.

येथूनच नवख्या प्रवाशाची अडचण सुरू होते, कारण या शहरात नसलेल्या वस्तूंच्या खुणेने पत्ता सांगितला जातो. चांदणी चौकातील घंटाघर विसाव्या शतकाच्या मध्यावर कोसळले, तरीही आजचा दुकानदार “घंटाघरापाशी वळा” असे सांगतो. खारी बावलीत मसाल्यांचा मोठा बाजार भरतो, पण खाऱ्या पाण्याची ती पायविहीर शोधूनही सापडत नाही. मोरी गेट ही वस्ती आहे, वेस नाही. लाहोरी गेटच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. लाल किल्ल्याच्या मुख्य दरवाजाचे नाव लाहोरी गेट. आणि खारी बावलीच्या टोकाला, जेथे शहराची वेस होती, त्या भागाचेही नाव लाहोरी गेट. दोहोंमध्ये चांदणी चौकाची सारी लांबी पसरलेली आहे. रिक्षात बसण्यापूर्वी कोणते लाहोरी गेट, हे ज्याने विचारले नाही त्याची पायपीट ठरलेली! नकाशा केवळ आज उभे असलेले दाखवतो. स्थानिक माणसाच्या मनातील नकाशात पडलेल्या इमारतीही जागच्या जागी उभ्या असतात.

दुसरे ज्ञान शब्दांचे. ‘गली’ म्हणजे बोळ हे कोणालाही कळते. ‘कूचा’ म्हणजे बहुधा एकाच व्यवसायाच्या किंवा समाजाच्या लोकांची गल्ली. ‘कटरा’ म्हणजे अंगणाभोवती खोल्या असलेला, एकाच दाराचा व्यापारी आवार. मराठी वाचकाने वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणावा. ‘छत्ता’ म्हणजे वर बांधकाम असल्यामुळे झाकलेली वाट. ‘फाटक’ हे मोहल्ल्याचे दार, जे पूर्वी रात्री बंद होई. हे पाच शब्द ज्याला कळले त्याला पाटीवरील नावावरून पुढची वाट बंद आहे की मोकळी, याचा अंदाज येऊ लागतो. कटऱ्यात शिरलेल्या माणसाला बहुधा त्याच दाराने परत यावे लागते. ‘चावडी बाजार’ हे नाव तर मराठी माणसाला आपलेच वाटते आणि मराठी ‘चावडी’शी त्याचा संबंध जोडलाही जातो.

कोणती वस्तू कोठे मिळते, हा तिसरा पाठ. दरिबा कलाँ येथे चांदीचे दागिने व अत्तरे, किनारी बाजारात जर-गोटा आणि लग्नाचे साहित्य, नई सडकेवर क्रमिक पुस्तके, चावडी बाजारात कागद, लग्नपत्रिका व पितळी सामान, भागीरथ पॅलेसमध्ये विजेचे साहित्य. हा भागीरथ पॅलेस म्हणजे एकेकाळची बेगम समरूची हवेली आहे. बल्लीमारानमध्ये कवी गालिब राहत असत, गली कासिम जानमध्ये. आज तेथे पादत्राणांची व चष्म्यांची दुकाने आहेत. एकाच मालाची शंभर दुकाने शेजारी-शेजारी का, असे नवख्याला वाटते. त्यामुळे ग्राहकाला भाव पडताळता येतो आणि एका दुकानात माल संपला तर तो शेजारून आणता येतो, हे त्यामागचे साधे गणित आहे.

स्थळाइतकेच महत्त्व वेळेला असते. नहारी खायची तर पहाटे उठावे लागते. दुधाच्या फेसाची ‘दौलत की चाट’ फक्त थंडीत आणि तीही सकाळीच मिळते. ऊन चढले की फेस बसतो. रविवारी बहुतेक घाऊक दुकाने बंद असतात. २०२१ पासून चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारगाड्यांना मज्जाव आहे. डोक्यावर टोपली घेऊन माल वाहणारे झल्लीवाले आणि पाठीवर पोती वाहणारे पल्लेदार यांना ही सारी वेळापत्रके तोंडपाठ असतात. कोणत्या बोळातून ठेला जाईल व कोणत्यातून फक्त माणूस, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही, म्हणून त्याला ज्ञान म्हणण्यासही सुशिक्षित समाज सहसा तयार नसतो. ही त्या समाजाची उणीव होय.

परक्या प्रवाशाने स्थानिकांच्या मदतीने दिल्ली समजून घेतल्याचे एक सुंदर उदाहरण दख्खनशी जोडलेले आहे. औरंगाबादशी (आजचे छत्रपती संभाजीनगर) संबंधित असलेले दर्गाह कुली खान १७३८ मध्ये निजामाबरोबर दिल्लीला आले आणि सुमारे तीन वर्षे राहिले. त्यांनी फारसीत लिहिलेल्या ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या ग्रंथात दर्गे, बाजार, गवई, नर्तकी यांची वर्णने आहेत. चांदणी चौक पाहायला निघालेल्या एका तरुण सरदाराला त्याच्या आईने एक लाख रुपये दिले आणि एवढ्याने तेथील दुर्मिळ वस्तू येणार नाहीत, असेही बजावले, ही गोष्ट त्यात आहे. त्याच मुक्कामात, १७३९ मध्ये, नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली. ज्या बाजाराची श्रीमंती या ग्रंथात आहे, तोच बाजार त्या वेळी लुटला गेला.

शहर उद्ध्वस्त होते तेव्हा इमारतींबरोबर वाटाडेही जातात. सर सय्यद अहमद खान यांनी १८४७ मध्ये ‘आसार-उस-सनादीद’ या ग्रंथात दिल्लीच्या वास्तूंची नोंद केली. कुतुबमिनारावरील उंच लेख वाचण्यासाठी ते टोपलीत बसून स्वतःला वर ओढवून घेत. पहिल्या आवृत्तीत दिल्लीच्या माणसांवरही प्रकरण होते. १८५४ च्या आवृत्तीत ते वगळले गेले. पुढे १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी शहरवासीयांना वेशीबाहेर काढले आणि किल्ल्यासमोरची दाट वस्ती पाडून टाकली. ते वगळलेले प्रकरणच अधिक मोलाचे ठरले, असे म्हणावेसे वाटते. १९४७ च्या फाळणीत पुन्हा तेच घडले. अनेक मोहल्ल्यांतील जुनी कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि पंजाबातून निर्वासित आले. त्यांना घंटाघर, फाटक, कटरा हे सारे नव्याने शिकावे लागले. आजचा ‘जुना दिल्लीकर’ बरेचदा त्या शिकलेल्यांचा नातू असतो.

स्थानिकांचे ज्ञान शिळेही होते. दर्यागंजच्या पदपथावर रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ मध्ये तेथून उठला आणि आसफ अली मार्गावरील महिला हाट येथे गेला. जुनी माहिती सांगणाऱ्यावर विसंबलेला वाचक रिकाम्या पदपथावर पोहोचतो. शिवाय जो वाट दाखवू शकतो तो वाट चुकवूही शकतो. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेर “आरक्षण कार्यालय बंद आहे, माझ्याबरोबर चला” असे सांगून प्रवाशाला भलत्याच दुकानात नेणारे दलाल कुप्रसिद्ध आहेत. अशा वेळी ओळखण्याची खूण एकच. खरा वाटाड्या विचारल्यावर सांगतो. दलाल न विचारता सांगू लागतो.

त्याच स्थानकाला लागून पहाडगंज आहे. नूतन मराठी विद्यालयामुळे हा भाग दिल्लीतील मराठी कुटुंबांना परिचित आहे. ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटानंतर १९८८ मध्ये स्थापन झालेला सलाम बालक ट्रस्ट रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी येथे काम करतो. २००६ पासून संस्थेने एक पदयात्रा सुरू केली. तिच्यातील वाटाडे म्हणजे कधीकाळी स्वतः रस्त्यावर वा स्थानकात राहिलेले तरुण-तरुणी. ते किल्ले-मकबरे दाखवत नाहीत. घर सोडलेले मूल गाडीतून उतरल्यावर कोठे जाते, कोठे झोपते, कशावर गुजराण करते आणि कोणाला भिते, हे ते पहाडगंजच्या बोळांतून चालता चालता सांगतात. देशोदेशीचे पाहुणे त्यासाठी शुल्क देतात आणि ते पैसे संस्थेतील मुलांसाठी वापरले जातात. यात्रा संपल्यावर पाहुणे प्रश्न विचारतात. उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे हेही या तरुणांना शिकून घ्यावे लागलेले असते.